तीन महिन्यांत तीन इंच? हाडाचं वेळापत्रक वेगळं असतं

गेल्या पंधरा दिवसांत एकच मेसेज मला सात जणांनी पाठवलाय. त्यात माझे दोन जुने पेशंट आहेत, वर्तकनगरच्या व्यायामशाळेतला एक मुलगा आहे आणि माझी सख्खी भाचीही आहे. सगळ्यांनी खाली एकच ओळ लिहिलीय, "हे खरं आहे का?"

मेसेज लांबलचक आहे. त्याचा गाभा असा: उंची वाढवण्याचं ऑपरेशन आता अगदी सोपं झालंय, तीन महिन्यांत तीन इंच. दिवाळी झाली की करून घ्या आणि जूनमध्ये कॉलेज, नोकरी, पोलीस भरती, सगळीकडे नव्या उंचीनं जा. रॉड हाडाच्या आत असतो, त्यामुळे दुसऱ्या दिवसापासून चालायचं आणि आठवड्याभरात ऑफिस गाठायचं. व्यायाम घरच्या घरी मोबाइलवर बघून होतात. वय जितकं लहान तितकं बरं. खर्च एकदाच. आणि शेवटी पुरावा म्हणून, याच तंत्रानं रशियाचा ऑलिंपिक विजेता पुन्हा उंच उडी मारायला लागला.

मी ठाण्यात अठरा वर्षं फिजिओथेरपी करते. पाय लांब केलेले पेशंट मी बरेच पाहिलेत. बहुतेक अपघातानंतर पाय आखूड झालेले, काही जन्मतःच एक पाय लहान असलेले. अलीकडे निव्वळ उंचीसाठी केलेलेही येतात. सर्जनचं काम संपतं आणि पेशंट घरी येतो, तिथून पुढे माझं काम सुरू होतं. त्यामुळे ऑपरेशन कसं करावं यावर मी बोलणार नाही. ते कधी करावं आणि उठून उभं राहायला किती दिवस लागतात, यावर मात्र बोलणार, कारण मेसेजात नेमकं तेच चुकलंय.

आधी एक सांगते. उंची वाढावी असं वाटणाऱ्या माणसाला मी कधी नावं ठेवलेली नाहीत. "मुलगा चांगला आहे, पण ठेंगणा आहे" हे वाक्य मुलाच्या समोर बोललेलं मी ऐकलंय. ज्याला रोज असं ऐकावं लागतं, त्याचं दुःख खरंच असतं. म्हणूनच त्याच्या हातात चुकीचं वेळापत्रक पडलेलं मला बघवत नाही.

तर "तीन महिन्यांत तीन इंच". बाकीचं सगळं याच गणितावर उभं आहे, म्हणून ते नीट मांडू.

तीन इंच म्हणजे ७.६ सेंटीमीटर. ऑपरेशनमध्ये हाड कापतात, पण लगेच ताणायला घेत नाहीत. साधारण आठवडाभर थांबतात, म्हणजे कापलेल्या जागी भरून येण्याचं काम सुरू होतं. मग दिवसाला एक मिलिमीटर या वेगानं दोन्ही टोकं एकमेकांपासून दूर सरकवतात. तोही एक मिलिमीटर एकदम नाही, पाव-पाव करून चार वेळा. ही पद्धत बसवली गावरिल इलिझारोव्ह या डॉक्टरनं, सैबेरियातल्या कुर्गान शहरात, १९५० च्या दशकात. दुसऱ्या महायुद्धातून हाडं न जुळलेले शेकडो सैनिक घरी आले होते, त्यांच्या पायांसाठी त्यानं तारा आणि कड्यांचा पिंजरा तयार केला. ताणण्याचा वेग जास्त झाला तर मधे हाड तयारच होत नाही आणि कमी झाला तर हाड वेळेआधीच जुळून बसतं, हे त्यानं प्रयोगांमधून दाखवलं. दिवसाला एक मिलिमीटर हा आकडा तिथून आलाय. तो कोणाच्या सुट्टीप्रमाणे वाढत नाही.

आता हिशोब करा. आठवडाभर थांबायचे ७ दिवस आणि ताणायचे ७६, एकूण ८३. झाले तीन महिने. म्हणजे मेसेज लिहिणाऱ्यानं आकडा हवेतून काढलेला नाही, फक्त हिशोब मधेच सोडून दिलाय. ८३ व्या दिवशी पाय लांब झालेला असतो, पण मधल्या साडेसात सेंटीमीटरमध्ये हाड नसतं. एक्स-रे उजेडाला धरला की तिथे धुरकट, उभे उभे पट्टे दिसतात. तो हाडाचा कच्चा माल असतो, त्यावर भार टाकता येत नाही. आपल्याकडे इमारतींची कामं कायम चालू असतात, त्यामुळे ही उपमा सगळ्यांना कळेल: स्लॅब भरला म्हणून दुसऱ्या दिवशी कोणी सेंटरिंग काढत नाही.

हा कच्चा माल पक्का व्हायला, ताणायला लागला त्याच्या साधारण दुप्पट वेळ लागतो. बाहेरून रिंग, म्हणजे तो कड्यांचा पिंजरा, लावली असेल तर मोठ्या माणसात एका सेंटीमीटरमागे एक ते दीड महिना रिंग पायावर राहते, असा ढोबळ हिशोब आहे. ७.६ सेंटीमीटरला आठ ते अकरा महिने. रिंग काढायची किंवा पूर्ण भार द्यायचा निर्णय तारखेवरून होत नाही. पायाचे समोरून आणि बाजूनं असे दोन एक्स-रे काढतात, त्यात हाडाच्या चार कडा दिसतात. चारपैकी निदान तीन कडांना सलग हाड दिसलं, तर पुढचं बोलायचं. काहींचं लवकर दिसतं, काहींचं दीड वर्षानंही नाही, आणि मग दुसरीकडचं हाड आणून भरावं लागतं. तंबाखू, मिश्री, सिगारेट यांपैकी काही चालू असेल तर उशीर होण्याची शक्यता बरीच वाढते. "दिवसाला दोनच" म्हणणाऱ्या पेशंटला मी दर वेळी हेच सांगते, की हाडाला दोनही नडतात.

एक बारीक गोष्ट राहिली. एक मिलिमीटरचा वेग मांडीच्या हाडाला बहुतेकांना झेपतो. नडगीच्या हाडाला रक्तपुरवठा कमी, त्यामुळे तिथे बरेच सर्जन पाऊण मिलिमीटरवर राहतात. मग तेच ७६ दिवस शंभरावर जातात.

आता "दिवाळीनंतर करा, जूनमध्ये चाला" हे कॅलेंडरवर ठेवून बघू. समजा १५ नोव्हेंबरला मांडीचं ऑपरेशन झालं. २२ ला ताणायला सुरुवात. एकही दिवस वेग कमी करावा लागला नाही असं धरलं, जे क्वचितच होतं, तर ताणणं ५ फेब्रुवारीला संपेल. त्याच्या दुप्पट काळ पक्कं व्हायला, म्हणजे जुलैचा पहिला आठवडा. जूनमध्ये हाड अर्धंकच्चं आणि बाहेर ठाण्याचा पाऊस. कुबड्यांच्या रबरी टोप्या ओल्या लादीवर कशा सरकतात ते एकदा बघितलं की विसरता येत नाही. जिन्याच्या पायऱ्यांवर छत्र्यांचं पाणी, सोसायटीच्या आवारात शेवाळ, स्टेशनच्या पुलावर सकाळी साडेआठची गर्दी. ज्याला अजून एका पायावर पाच सेकंद तोल धरता येत नाही, त्यानं त्या पुलावर जायचंच नसतं. मागून आलेल्या माणसाला काय माहीत, की पुढच्याच्या मांडीत कच्चं हाड आहे?

रिक्षाचंही तेच. गुडघा पूर्ण वाकत नसेल तर रिक्षात पाय आत घेता येत नाही. नडगीला रिंग असेल तर ती मधल्या दांड्याला आपटते. माझे पेशंट आडवे बसून, पाय सीटवर घेऊन येतात. घोडबंदर रोडवरून तसं तासभर येणं म्हणजे काय असतं, ते त्यांनाच विचारा.

भरतीचा उल्लेख वाचून मला सगळ्यांत वाईट वाटलं. राज्याच्या पोलीस भरतीत पुरुष उमेदवाराला १६५ सेंटीमीटर उंची लागते. १६१, १६२ वर अडकलेली मुलं मला माहीत आहेत. पहाटे पाचला मैदानावर पळायला जातात, लेखी परीक्षेची तयारी पक्की असते आणि मोजपट्टीखाली उभं राहिलं की सगळं संपतं. त्यांच्यासमोर "तीन महिने" हा शब्द टाकणं म्हणजे त्यांच्या आईला दागिने गहाण टाकायला लावणं आहे. मैदानी चाचणीत १६०० मीटर धावायचं असतं, १०० मीटर धावायचं असतं, गोळा फेकायचा असतो. साडेसात सेंटीमीटर लांब केलेल्या पायांनी ऑपरेशनपासून सात महिन्यांत १६०० मीटर कोणी धावत नाही. हलकं पळणं सुरू व्हायलाच बहुतेकांना वर्ष लागतं, आणि जुना वेग परत येईल याची खात्री कोणताही प्रामाणिक सर्जन देत नाही. शिवाय वैद्यकीय तपासणी असतेच. पायावरचे व्रण आणि आतला रॉड तिथे लपत नाही.

"रॉड आतून असतो, दुसऱ्या दिवसापासून चालता येतं." यात अर्धं खरं आहे, म्हणून जास्त धोका आहे.

आतून लांब होणारे रॉड आहेत. रॉडमध्ये चुंबक असतं, मांडीवर बाहेरून एक यंत्र धरलं की ते फिरतं आणि रॉड कणाकणानं लांब होतो. प्रिसाइस नावाच्या रॉडला अमेरिकेत २०११ मध्ये परवानगी मिळाली. बाहेरच्या पिना नाहीत, त्यामुळे पिनांच्या तोंडाशी पू होणं नाही, रोजचं ड्रेसिंग नाही, झोपताना कूस बदलता येते. परवडत असेल तर ही फार मोठी सोय आहे. पण हाडाला पक्कं व्हायला लागणारा वेळ रॉड बदलून कमी होत नाही. मधलं हाड तयार होईपर्यंत सगळा भार त्या रॉडवर असतो आणि तो माणसाचं पूर्ण वजन महिनोन्‌महिने पेलण्यासाठी बनवलेला नसतो. जास्त भार टाकला तर वाकतो किंवा तुटतो. पूर्ण भार पेलणारा रॉड म्हणून स्टेनलेस स्टीलचा स्ट्राइड २०१८ मध्ये बाजारात आला. रॉडच्या सांध्याशी गंज आणि आजूबाजूच्या हाडात बदल दिसायला लागल्यावर २०२१ मध्ये कंपनीनं तो परत घेतला. मेसेजमधलं "दुसऱ्या दिवसापासून चाला" बहुधा त्या तीन वर्षांतल्या कुठल्या तरी जाहिरातीतून तरंगत आलंय.

दुसऱ्या दिवशी पेशंटला उभं करतात, हे खरं आहे. मीही करते. वॉकर धरून, दोन्ही बाजूंना माणूस, पलंगापासून खुर्चीपर्यंत चार पावलं. रक्ताची गुठळी होऊ नये, फुफ्फुसं मोकळी राहावीत, यासाठी ते असतं. त्याला चालणं म्हणून ऑफिसची तारीख कळवू नका.

आणि एक फरक लोकांच्या लक्षातच येत नाही. अपघाताच्या पेशंटचा एक पाय धड असतो, तो त्याच्यावर उभा राहतो, वळतो, जिना चढतो. उंचीसाठी करणाऱ्याची दोन्ही पायांची हाडं कापलेली असतात, बहुतेक वेळा एकाच दिवशी. टेकायला चांगला पाय नसतो. संडासला जायचं तर पहिले काही आठवडे कोणाला तरी बरोबर लागतं. ऐरोली, महापेच्या कंपन्यांत काम करणाऱ्यांना मी सांगते, की बसून करायचं काम असेल आणि घरून करायची परवानगी असेल तर दीड-दोन महिन्यांनी अर्धा दिवस जमू शकतं, पण रात्रीची झोप नसेल तर तेही अवघड जातं. रोज ठाण्याहून ट्रान्स हार्बरची लोकल पकडायची असेल, तर सहा महिन्यांच्या आत विचारच नको.

आता व्यायाम. "घरच्या घरी मोबाइलवर बघून होतात" हे वाक्य लिहिणारा माणूस अशा पेशंटच्या पलंगाशेजारी एक तासही बसलेला नसणार.

हाड ताणलं की नवीन हाड तयार होतं. स्नायू, शिरा, नसा यांना ही सवलत नाही. त्यांना त्याच वेगानं लांब व्हायचं असतं आणि ते मागेच पडतात. नडगी लांब केली की पोटरी आखडते, टाच वर उचलली जाते, माणूस चवड्यावर यायला लागतो. मांडी लांब केली की गुडघा वाकेनासा होतो. सुरुवातीचे दहा-पंधरा दिवस काहीच जाणवत नाही, पेशंट खूश असतो. साधारण तीन-साडेतीन सेंटीमीटरनंतर रोजचा एक मिलिमीटर रोज वेगळा दुखतो.

कळव्यातल्या एका घरी मी तीन महिने जात होते. चोवीस वर्षांचा मुलगा, दोन्ही नडग्यांना रिंग, दुसरा मजला, लिफ्ट नाही. नट फिरवायचं काम आईनं घेतलं होतं. सकाळी सहा, दुपारी बारा, संध्याकाळी सहा, रात्री अकरा. प्रत्येक वेळी पाव फेरा, म्हणजे पाव मिलिमीटर. घाईत उलटा फिरू नये म्हणून तिनं प्रत्येक नटच्या एका बाजूला लाल नेलपॉलिशचा ठिपका दिला होता आणि भिंतीवरच्या कालनिर्णयवर रोज चार फुल्या मारायची. मी इतकं नेटकं काम शिकलेल्या नर्सकडूनही क्वचित पाहिलंय.

अडतीसाव्या दिवशी मी त्याला भिंतीला पाठ लावून उभं केलं. टाचा टेकल्यासारख्या दिसत होत्या. मी घडी घातलेलं वर्तमानपत्र टाचेखाली सरकवलं तर ते अलगद आत गेलं. मग दोन बोटं घातली, तीही गेली. त्याला विचारलं, तर म्हणाला, रात्री पाऊल वर धरून ठेवणारी पट्टी चार-पाच दिवस लावली नाही, झोपच लागत नाही हो मॅडम. आईला माहीत नव्हतं. त्याच संध्याकाळी सर्जनशी बोलणं झालं, चार फेऱ्यांच्या दोन झाल्या, मग आठवडाभर पूर्ण बंद. सहा सेंटीमीटर ठरले होते, ४.२ वर थांबवलं. टाच परत टेकायला पुढचे पाच आठवडे लागले, रोज दोन वेळा, पंचा पायाच्या चवड्याला अडकवून, तो ओरडतोय आणि मी आकडे मोजतेय. आणखी दहा दिवस कोणाच्या लक्षात आलं नसतं तर टाचेमागची जाड दोरी, म्हणजे कंडरा, कापून लांब करायचं वेगळं ऑपरेशन करावं लागलं असतं.

मोबाइलवरच्या व्हिडिओला ही दोन बोटं दिसत नाहीत. मांडीच्या पेशंटला मी दर भेटीत गुडघ्याचा कोन मोजते. ४५ अंशांच्याही खाली यायला लागला तर वेग कमी करतात किंवा थांबवतात. त्यात "अजून थोडं सहन करतो" चालत नाही. पेशंटनं सहन केलं म्हणून स्नायू लांब होत नाही. खुर्चीवर नीट बसायला ९० अंश लागतात, मांडी घालून बसायला, उकिडवं बसायला, देशी संडासाला त्याहून कितीतरी जास्त. आपल्या आयुष्यात गुडघा पूर्ण वाकवण्याची कामं किती आहेत, ते एकदा मोजून बघा. पंगतीला बसणं सोडून द्यायची तयारी आहे का, हे मी आधीच विचारते.

ताणण्याच्या काळात आठवड्यातून पाच वेळा, नंतरच्या चार-पाच महिन्यांत तीन वेळा, असा माझा नियम आहे. बेरीज केली तर सव्वाशेच्या आसपास भेटी होतात. मेसेजमधलं "खर्च एकदाच" इथे लगेच कोसळतं. ऑपरेशनच्या बिलात या भेटी नसतात. घरी मदतीला ठेवलेला माणूस नसतो, बिनपगारी रजा नसते, वर्ष-दीड वर्षानं रॉड काढायचं दुसरं ऑपरेशन नसतं. आणि आरोग्यविम्याच्या पॉलिसीत सौंदर्यासाठी केलेल्या शस्त्रक्रिया वगळलेल्या असतात, ते प्रमाणित कलमच आहे. पॉलिसीचा कागद काढून वाचा, एजंटच्या तोंडी शब्दावर जाऊ नका.

"वय जितकं लहान तितकं बरं" हे तर सरळ खोटं आहे. लहान वयात हाड लवकर भरतं एवढंच खरं. पण हाडांच्या टोकाशी वाढीचे पट्टे उघडे असतील तर मूल अजून नैसर्गिक वाढत असतं. मुलींमध्ये हे पट्टे साधारण चौदा ते सोळा, मुलांमध्ये सोळा ते अठरा या वयात बंद होतात. मनगटाच्या एक्स-रेवरून अंदाज येतो. पट्टे बंद झाल्याशिवाय निव्वळ उंचीसाठी ऑपरेशन हा विषय काढायचाच नाही. आणि बंद झाले तरी सोळा-सतरा वर्षांच्या मुलाचा हा निर्णय आईवडिलांनी करू नये. वर्षभर दुखणार त्याला आहे. तो एकवीस-बावीसचा होऊ दे, स्वतः चार डॉक्टरांना विचारू दे, एकदा मानसोपचारतज्ज्ञाशी बसून बोलू दे. आरशातल्या स्वतःबद्दल टोकाचा तिटकारा असेल तर सात सेंटीमीटरनी तो जात नाही, हे चांगले सर्जन ओळखतात आणि नकार देतात. "अगदी सोपं" म्हणणाऱ्यांसाठी एवढं सांगते, की चीनमध्ये निव्वळ उंचीसाठीच्या या शस्त्रक्रियांवर २००६ मध्ये सरकारनं बंदी घातली. तिथे अनेकांचे पाय बिघडले होते.

आता रशियाचा ऑलिंपिक विजेता. वालेरी ब्रुमेल. १९६४ च्या टोकियो ऑलिंपिकमध्ये उंच उडीचं सुवर्णपदक, त्याच्या आदल्या वर्षी २.२८ मीटरचा विश्वविक्रम. १९६५ मध्ये मोटरसायकलच्या अपघातात त्याच्या पायाचा चुरा झाला. बरीच ऑपरेशनं फसली, तेव्हा तो १९६८ मध्ये इलिझारोव्हकडे पोचला. इलिझारोव्हनं न जुळलेलं हाड जुळवलं आणि आखूड झालेला पाय मूळ लांबीला आणला. उंची वाढवली नाही, गमावलेली परत दिली. त्यानंतर ब्रुमेलनं दोन मीटरच्या थोड्या वर उड्या मारल्या, आणि ती खरोखर थक्क करणारी गोष्ट आहे. पण २.२८ त्याला पुन्हा कधी जमली नाही. जगातला सर्वोत्तम उडी मारणारा, प्रत्यक्ष इलिझारोव्हच्या हातून बरा झालेला, आणि तरीही वीस-बावीस सेंटीमीटर मागे. हे उदाहरण मेसेजवाल्याच्या बाजूनं बोलत नाही.

मग करूच नये का? माझ्या भाचीनं हेच विचारलं. मी नाही म्हटलं नाही. ज्यानं सगळं समजून घेतलंय, ज्याच्या घरी माणसं आहेत, ज्याच्याकडे वर्ष आहे, त्यानं करावं की नाही हे त्यानं ठरवावं. पण वेळापत्रक उलट्या बाजूनं बांधावं. आधी बघा, की तुम्हाला खरोखर मोकळे किती महिने मिळतात आणि पावसाळ्यात तुम्ही कुठे असणार. मग त्यातून सेंटीमीटर काढा.

तीन इंचांचा हट्ट सोडून पाच सेंटीमीटर, म्हणजे दोन इंचांच्या थोडं आत, धरले तर चित्र बदलतं. ३ ऑक्टोबरला आतल्या रॉडचं ऑपरेशन, १० ला सुरुवात, पन्नास दिवसांनी २८ नोव्हेंबरला ताणणं पूर्ण. त्याच्या दुप्पट, शंभर दिवस, म्हणजे मार्चचा दुसरा आठवडा. एक्स-रेनं साथ दिली तर एप्रिल-मे ताकद आणि तोल परत आणायला मिळतात, आणि पहिला पाऊस पडेल तेव्हा हातात काठी नसेल अशी आशा करता येते. एक्स-रेनं साथ दिली नाही तर महिना-दोन महिने पुढे, त्याची रजा आणि पैसा आधीच बाजूला काढलेला असावा. पाच सेंटीमीटरला स्नायू आणि नसा साडेसातपेक्षा कितीतरी कमी कुरकुरतात, हे मी माझ्या हातांनी अनुभवलंय.

ऑपरेशनच्या आधीचे दोन महिने वाया घालवू नका. तंबाखू त्याच दिवशी बंद. रक्तातलं ड जीवनसत्त्व तपासा. उन्हाच्या देशात राहूनही आपल्यातल्या पुष्कळांचं कमी निघतं. पोटरी आणि मांडीचे ताण आधीपासून शिका, म्हणजे दुखायला लागल्यावर ते नवीन वाटत नाहीत. दंड आणि खांदे मजबूत करा, कारण पुढचे काही महिने तुम्ही हातांवर चालणार आहात. कमोड, न्हाणीघरात धरायला दांडा, पलंगाची उंची गुडघ्याएवढी, घरातले पायपुसणे आणि सुट्या वायरी उचललेल्या. लिफ्ट नसेल तर सहा महिन्यांसाठी तळमजल्यावर खोली बघा. ऑपरेशननंतर दुखतं म्हणून मेडिकलमधून मनानं दुखण्याच्या गोळ्या आणू नका, त्यातल्या काही हाड भरण्याच्या आड येतात.

आणि हे कागदावर लिहून फ्रिजवर लावा, घरातल्या प्रत्येकाला वाचायला सांगा. अंगठा आणि शेजारच्या बोटाच्या मधली जागा बधिर झाली, किंवा पाऊल वर उचलता येईना, तर पुढचा फेरा फिरवू नका, आधी सर्जनला फोन करा. पिनेभोवती लाली, पू, ताप आला तर सकाळची वाट बघू नका. पोटरी एकाएकी सुजली, टणक झाली, प्रचंड दुखायला लागली, किंवा धाप लागली, छातीत दुखलं, तर फोनही नको, थेट हॉस्पिटल गाठा. रात्री दोन वाजले असले तरी.